देव सुरक्षित आहेत

मुलगी बघायला आलेल्या माणसानं मुलगी बघावी. उघड बघवत नसेल तर चोरून बघावी. आमच्याकडे आलेल्या श्यामकांत धुमाळानं पोहे संपवले, रिकामी बशी हळूच उचलली, उलटी केली आणि तिचा तळ वाचत बसला.

माझी नात मंदाकिनी समोर बसलेली. तिचा बाप, म्हणजे माझा नारायण, यंदा थंडी लवकर पडली म्हणून सांगत होता. मुलाचे मामा मनोहरराव टाटानगरहून मुद्दाम आले होते, ते तिथल्या भट्ट्यांची हकीकत सांगत होते. मुलाकडून वडीलधारं माणूस तेवढं एकच, कारण त्याचे आईबाप दोघंही गेलेले. आणि नवरदेव बशीत शिरलेले.

"विलायती आहे," तो म्हणाला. "बरीच जुनी."

मी म्हटलं, "जुनी आहे, पण चोरीची नाही हो."

सगळे हसले. तोही हसला, पण एक श्वास उशिरा. असा उशिरा हसणारा माणूस मला आवडत नाही. तेवढ्या वेळात तो मनाशी काहीतरी जुळवत असतो.

पुढे त्यानं विचारलं, "आजी, तुमचे देव बघू का?" ह्यावर खरं म्हणजे मी खूश झाले. युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये नोकरी करणारा मुलगा, आणि आपणहून देवघर बघायला मागतो! मी त्याला आत नेलं. आमच्या देवघरात टाक आहेत. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले बोटभर उंचीचे देव. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी देशावरून निघताना उपरण्यात बांधून आणले ते. मला वाटलं हात जोडेल. जोडले त्यानं, नाही असं नाही. पण जोडलेले हात सोडले आणि त्याच हातानं आमची भवानी उचलली, फिरवली, आणि तिची पाठ बघितली.

चाळीस वर्षं मी त्या देवीची पूजा करते आहे. तिची पाठ मी कधी न्याहाळलेली नाही. सोनार उजळताना पाहत असेल, तेवढंच.

मी देवी त्याच्या हातातून काढून घेतली. विचारलं, "तुमचे देव कोणते?"

"पालीचा खंडोबा. आंबेजोगाईची देवी. शिवाय भैरोबा, आणि एक वीर आहे, घराण्यातला कुणी लढाईत पडलेला."

"आणि असतात कुठे? तुम्ही तर बहूबाजारला मेसमध्ये राहता म्हणे."

"आहेत," तो म्हणाला. "सुरक्षित आहेत."

एवढं बोलून तो चपला शोधायला लागला.

मी त्या रात्री हाच एक शब्द चघळत पडले. देव पूजेत असतात, देव काकांकडे असतात, देव गावी असतात. थोरला भाऊ असेल तर त्याच्याकडे असतात. देव सुरक्षित कधी असतात? दागिने सुरक्षित असतात. घराचे कागद सुरक्षित असतात. लुटीचा माल सुरक्षित असतो.

सकाळी नारायणाला म्हटलं, "ह्या मुलानं देव विकलेत."

"आई!"

"नाहीतर नीट सांगता आलं असतं. कुठे आहेत ह्याचं उत्तर 'सुरक्षित' होत नाही."

"आई, युनिव्हर्सिटीची नोकरी आहे त्याची. कायम. इथेच कलकत्त्यात."

"तीच तर गंमत. जिथे जुने देव विकत घेतात तिथेच नोकरी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

मी उगीच बोलत नव्हते. फाळणीनंतरची ती वर्षं. पलीकडून आलेल्या माणसांनी पोटासाठी काय काय विकलं ते आम्ही दारात उभं राहून बघितलेलं. एक म्हातारी तर पितळेचा बाळगोपाळ घेऊन आमच्या जिन्यात आली होती. पदराखालून काढून दाखवायची आणि परत झाकायची. मी तिला जेवायला घातलं, पण गोपाळ घेतला नाही. दुसऱ्याच्या घरातला देव विकत आणायचा म्हणजे काय? तिची गोष्ट वेगळी, तिला भूक होती. ह्या धडधाकट पगारदार माणसाला कसली भूक?

मंदाकिनीला मात्र तो पसंत पडलेला. ती मुलींच्या शाळेत शिकवते, तोंडानं माझ्यावरच गेलेली. दुपारी माझ्याजवळ मटार सोलायला बसली.

"आजी, बशी का बघत होते सांगू?"

"सांग."

"माझ्याकडे बघायला लाजत होते."

"आणि देवीची पाठ? देवीला लाजून पाठ बघत होते?"

ती हसली. मग शेंगा सोलता सोलता हसू गेलं. म्हणाली, "मला ते चालतील, आजी. नागपूरच्यांनी माझं मराठी बंगाल्यांसारखं आहे म्हणून नाही म्हटलं. पुण्याच्यांना मी इथली नोकरी सोडून यायला हवी होते. ह्यांनी काही म्हटलं नाही. मी कुठले वर्ग शिकवते तेवढं विचारलं." मग म्हणाली, "पण तू नको म्हणालीस तर बाबा नको म्हणतील. आणि बाबा नको म्हणाले की मी काय म्हणणार?"

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मनोहररावांना उत्तर हवं होतं. टाटानगरात भाच्यासाठी आणखी एक मुलगी पाहून ठेवली आहे, हे त्यांनी जिना उतरता उतरता दोनदा सांगितलं होतं. आमच्यातली लग्नाची मुलं ह्या शहरात बोटावर मोजण्याइतकी. एक आपणहून चालत आला, तर मी त्याच्या देवांवर अडून बसलेली. नारायणानं जेवताना माझ्याकडे बघणं सोडलं.

मी ठरवलं, आपण जाऊन बघायचं. न कळवता. सुनेला, शारदेला, बरोबर घेतलं. मंदाकिनीला नेलं असतं तर तो नीट वागला असता, आणि मला तो नीट वागायला नको होता.

"सासूबाई, लोक काय म्हणतील? मुलीकडच्या बायका मुलाच्या ऑफिसात!"

"म्युझियम आहे. दार सगळ्यांना उघडं असतं. आपण दगड बघायला गेलो म्हणून सांग."

भवानीपूरहून ट्रामनं निघालो, एस्प्लनेडला बदलली. शारदेनं वाटेत मिठाईवाल्याकडून नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश बांधून घेतला. मी म्हटलं, "हे कशाला? आपण त्याला पकडायला चाललोय."

"पकडल्यावर द्यायला," ती म्हणाली. माझी सून गरीब दिसते, पण अधूनमधून बोलते.

म्युझियम म्हणजे एक लांबलचक दालन. दोन्ही बाजूंना दगडाचे देव उभे. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. आमच्यात भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, गंगेत सोडतात. इथे जेवढी जास्त भंगलेली तेवढी जास्त उजेडात मांडलेली. एकाही मूर्तीपुढे फूल नाही. शारदा सवयीनं प्रत्येकीला हात जोडत चालली होती. शेवटी कंटाळली आणि एकदाच सगळ्यांना मिळून नमस्कार केला.

दरवानाला धुमाळबाबू विचारलं. त्यानं मागच्या बाजूला बोट केलं. तिथे अर्ध्या दारापलीकडे कोठीची खोली. भिंतभर लाकडी कपाटं, कपाटांना उथळ खण. मध्ये टेबल, टेबलावर मातीचे तुकडे पसरलेले, आणि टेबलापाशी श्यामकांत, पाठमोरा. त्यानं एक पांढरट तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि जिभेला लावला.

शारदेनं माझा दंड पकडला. "सासूबाई, खातोय!"

तो दचकून वळला. तोंडाचा रंग उतरला. "आजी? तुम्ही? बसा ना… नको, तिथे नको, तिथे खापरं वाळत घातलीत."

"आधी सांगा, काय खाताय?"

"खात नाही. हाड आहे की दगड बघत होतो. हाड असलं तर जिभेला चिकटतं."

"कुणाचं हाड?"

"काय ठाऊक. गाईचं, हरणाचं. फार जुनं असतं."

"आणि चिकटलं का?"

"नाही. दगड निघाला."

"सुटलात," मी म्हटलं.

मग तो दाखवायला लागला. चोवीस परगण्यातल्या कुठल्याशा टेकाडात त्यांनी खणलं होतं, तिथली खापरं. एकेक खण ओढायचा, आत फुटक्या हंड्यांचे काठ, गाडग्यांचे तळ, मातीच्या बाहुल्यांची डोकी, सगळं कापडावर ओळीनं. प्रत्येक तुकड्याच्या अंगावर बारीक काळ्या शाईत आकडा. वस्तू धुवायची, वाळवायची, पाठीवर किंवा तळाला लाखेचा ठिपका द्यायचा, त्यावर आकडा घालायचा, वरून आणखी एक हात. हे त्याचं काम. बोलताना चांगला दिसत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या घरी बशीत तोंड खुपसून बसलेला माणूस इथे हात हलवून बोलत होता.

मी म्हटलं, "आमच्याकडे हे सगळं बोळात टाकतात."

"त्यांनीही बोळातच टाकलं होतं, आजी. म्हणून तर आम्हाला मिळालं."

शारदा हसली. ती विरघळायला लागली होती. मी त्याचे पाय बघत होते. खोलीत तो सगळीकडे फिरला, सगळे खण ओढले. फक्त कोपऱ्यातल्या एका उंच कपाटापाशी आला की वळायचा आणि त्याला पाठ लावून उभा राहायचा. माणूस ज्या दाराला पाठ लावतो ते दार मला बघायचं असतं.

"त्यात काय?"

"किरकोळ धातूच्या वस्तू. अजून नीट लावायच्या आहेत."

"दाखवा."

"त्याला साहेबांना विचारावं लागतं."

"किल्ली तर तुमच्या कमरेला आहे."

त्यानं किल्लीवर हात झाकला. शारदा म्हणाली, "राहू दे ना, सासूबाई." मी हलले नाही. त्यानं किल्ली काढली. कुलूप उघडायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त लावला.

आत पसरट तबकं एकावर एक. तबकात कापूस, कापसावर वस्तू. अंगठ्या, घंट्या, तांब्याची नाणी, पितळेची एक बेडकाएवढी गाय. सगळं काळवंडलेलं, कोरडं, स्वच्छ. तो तबकं भराभर दाखवत होता आणि भराभर सरकवत होता. एक त्यानं अर्धंच ओढलं आणि परत ढकलायला लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

त्या तबकातला कापूस पिवळा होता. सगळा नाही, कोपऱ्याकोपऱ्यात. मी बोट टेकवलं, नाकाशी नेलं. हळद. जुनी, उडालेली नव्हे, ताजी. आणि चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेलेली. खंडोबाला त्या दिवशी जी हळद उधळतात, आपण भंडारा म्हणतो, ती.

कापसावर चार टाक निजवलेले होते.

"कुणाचे हे?"

"एका मराठी कुटुंबाकडून आले."

"कुटुंबाचं नाव?"

त्यानं तबकाची कड धरली.

"हा घोड्यावरचा खंडोबा," मी म्हटलं. "ही देवी. हा भैरोबा. हा उभा, ढाल घेतलेला, हा वीर. आता कुटुंबाचं नाव मी सांगू, की तुम्ही सांगता?"

तो स्टुलावर बसला. "माझेच आहेत."

शारदेनं पदर तोंडाला लावला. मी एक टाक उचलला, त्याच्यासारखाच उलटा केला. पाठीवर लाखेचा ठिपका आणि त्यावर आकडा. काळ्या शाईत. खापराला घालतात तसा.

"केवढ्याला विकलेत?"

"विकले नाहीत, आजी. शपथ."

"शपथ कुणाची घेता? ते तर इथे निजलेत."

मग त्यानं सांगितलं. वडील हावड्याच्या एका कारखान्यात कारकून होते. ते गेल्यावर देव ह्याच्याकडे आले, आणि तो मेसमध्ये, एका खोलीत पाच-सहाजण. देव ट्रंकेत. ट्रंकेवर कुणीही बसायचं, कुणी बूट ठेवायचं. शेहेचाळीसच्या दंग्यात मेस रिकामी झाली. ट्रंक तिथेच टाकून हा देवांची पुरचुंडी घेऊन इथे आला, कारण इथल्या भिंती जाड आणि दरवान ओळखीचा. बरेच दिवस ह्याच खोलीत झोपला. देव त्या फळीवर मांडले होते, कारण फळी उंच होती आणि तिथे कुणाचे पाय लागत नव्हते.

"मग?"

"मग शहर शांत झालं आणि कामं साचली होती. त्या फळीवर खेड्यापाड्यांतून आणलेल्या वस्तू होत्या, आकडा न पडलेल्या. मी एका टोकाकडून सुरुवात केली. उचलायची, ठिपका द्यायचा, आकडा घालायचा, ठेवायची. पहाटेपासून बसलो होतो, हात आपोआप चालत होता. खंडोबा उचलला तेव्हाही कळलं नाही. वीराच्या पाठीवर आकडा घालताना कळलं. तोपर्यंत तिघांना घालून झाला होता."

"आणि चौथ्याला?"

"चौथ्यालाही घातला," तो म्हणाला. "मधेच कसा सोडायचा?"

असली चूक करायला माणूस तिथेच बसणारा पाहिजे. आमच्या गल्लीतला कुणी करू शकला नसता.

"पुसायचं होतं."

"पुसणारच होतो. त्याच दुपारी साहेब आले. त्यांनी टाक पाहिले आणि लहान मुलासारखे नाचले. दक्षिणेकडचं असलं काही आपल्या संग्रहात नव्हतं, कुठून मिळवलंस म्हणाले. मी म्हटलं, एका मराठी कुटुंबाकडून. त्यांनी पाठ थोपटली. पुढे कोठीची किल्लीही माझ्याकडे दिली." तो खाली बघत होता. "आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. मेसमध्ये पूजा होत नव्हती ती नव्हतीच. इथे निदान कोरडे राहतात. चंपाषष्ठीला सगळे घरी गेले की थोडा भंडारा वाहतो. भरीत-रोडगा कोण करून देणार? कोपऱ्यावरच्या भज्यांच्या दुकानातली बेगुनी आणतो आणि तिचा नैवेद्य दाखवतो. वांग्याचीच असते."

शारदेला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. ती संदेशाची पुडी सोडायला लागली. मी तिचा हात धरला.

माझे डोळे भरले असं कुणी समजू नये. बेगुनीची गोष्ट फार छान होती, आणि छान गोष्टींचाच मला जास्त संशय येतो. हा माणूस चोर नाही हे मला पटलं होतं. पण इतकी वर्षं त्यानं साहेबांना एक सांगितलं, देवांना दुसरं सांगितलं, माझ्या घरात बसून मला तिसरं सांगितलं. तिघांनाही गोड आवाजात. उद्या माझ्या मंदाकिनीला चौथं सांगेल, आणि तिला ते गोडच लागेल, कारण तिला तो आवडलाय.

"तुमच्या साहेबांना हे ठाऊक आहे?"

"नाही."

"आहेत का आत्ता?"

"पलीकडच्या खोलीत. पण आजी…"

"मग जा, सांगा. हे देव माझे आहेत, परत द्या म्हणा."

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला त्या टेकाडात पुरायला निघाले होते. "आकडा पडलेली वस्तू इथून बाहेर जात नाही. ते देणारच नाहीत."

"न देवोत. मागाल तर खरं."

"किल्ली जाईल माझी."

"जाऊ दे."

"लग्न झाल्यावर सांगितलं तर? सगळं स्थिरस्थावर झालं की…"

"लग्न झाल्यावर?" माझा आवाज चढला, शारदा दाराकडे बघायला लागली. "मंदाकिनी माप ओलांडून आत येईल, आणि मग पाया कुणाच्या पडेल? आमच्यात मुलगी आधी देवांच्या पायांवर घालतात, मग नवऱ्याच्या घरात घेतात. तुम्ही तिला ह्या कपाटाकडे घेऊन येणार? दरवानाला सांगून?"

तो बसून राहिला. मला वाटलं, संपलं. हा उठत नाही. नारायणाला काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले, आणि मंदाकिनीला काय सांगायचं ते जुळेना. इतक्यात तो उठला. कापसासकट तबक दोन्ही हातांत घेतलं आणि बाहेर गेला. त्यानं तबक छातीशी धरलं होतं.

पलीकडच्या खोलीचं दारही अर्धंच होतं. चाळीस वर्षं मासेवाल्यांशी भांडून बांगला शिकलेली बाई मी, मला सगळं कळत होतं. आधी त्यानं फार वळणं घेतली. दंगा, फळी, कामाचा ढीग. साहेब मधून मधून "हूं" म्हणत होते. मग त्यानं एका दमात सांगून टाकलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं तू मला एका मराठी कुटुंबाची गोष्ट सांगत आलास, श्यामकांत."

"ते कुटुंब म्हणजे मी, सर. एवढाच उरलोय."

पुढचं हळू बोलले, ते ऐकू आलं नाही. मग साहेब स्वतःच बाहेर आले. अनादिबाबू त्यांचं नाव, पांढरं धोतर, शाल, चष्मा कपाळावर. आम्हा दोघींना पाहून थबकले, नमस्कार केला. बहुतेक त्यांना सगळं एकदम उमगलं, कारण बोलले ते माझ्याशीच, ठाकुमा म्हणजे आजी म्हणून.

"ठाकुमा, इथे आलेली वस्तू आता माझी नाही, ह्याचीही नाही. ती देशाची."

"देशाला कुलदैवत नसतं, बाबू."

"नसतं," ते म्हणाले. "म्हणूनच आम्ही सगळ्यांची सांभाळतो. मी कमिटीपुढे ठेवीन. पण आशा धरू नका. कमिटीनं आजवर काही परत दिल्याचं मला आठवत नाही." मग त्यांनी तबकातल्या पिवळ्या कापसाकडे पाहिलं. "आणि हळद नको. चांदी काळी पडते."

"ह्या हवेत चांदी कशानंही काळी पडते," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. श्यामकांतापुढे हात केला. श्यामकांतानं कमरेची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. अनादिबाबूंनी तबक स्वतः कपाटात सरकवलं, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, श्यामकांतालाही वाटलं असतं.

खोलीत आम्ही तिघं उरलो. तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला, मातीचे तुकडे इकडचे तिकडे करत. त्याच्याकडे बघून शारदेनं मला कोपर मारलं. म्हणजे, बोला काहीतरी. मी त्याला आधी माझ्याकडे बघू दिलं. बघायला वेळ लागला. पण बघितलं, सरळ, आणि बघत राहिला. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं:

"ऐका, श्यामकांत. तुम्हाला चोर समजून आले होते, तो शब्द मागे घेते. पण तुम्ही भित्रे आहात. एकदा खोटं बोललात आणि मग त्या खोट्याचीच निगा राखत बसलात. आज माझ्या धाकानं बोललात, आपणहून नाही, हे मी विसरणार नाही. पण किल्ली जाणार हे माहीत असून उठलात, तेही विसरणार नाही. मंदाकिनी तुम्हाला देते. तुमच्या मामांना नारायण आजच पत्र घालेल. आमच्या देवघरातलं तुम्हाला काही मिळायचं नाही, माहेरचे देव सासरी जात नसतात. सोनाराकडे तुम्ही जायचं, चारी टाक नवे पाडून घ्यायचे, हावड्याहून गाडीत बसायचं, पालीला नेऊन खंडोबाला भेटवायचे, तिथून आंबेजोगाईला. जाताना मांडीवर घ्यायचे, ट्रंकेत नाही. मग मुहूर्त. आणि हा संदेश खा, शारदा मघापासून धरून उभी आहे. हात धुवा आधी. आणि आता सगळं ठीक झालं असं समजू नका. मी तुमच्यावर अजून विश्वास ठेवलेला नाही. नुसती मुलगी देते आहे."